काड्यापेट्यांचें आरमार

युद्धनौकेचा विषय निघाला कीं डोळ्यांसमोर पोलादी तट आणि लांब पल्ल्याच्या तोफा उभ्या राहतात. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या त्र्याऐंशी फुटी गस्तबोटींना त्या पंक्तींत कोणी पान मांडलें नसतें. बांधणी लाकडाची, पोटांत पेट्रोलवर चालणारीं दोन एंजिनें आणि वर दहा-चौदा माणसांचें बिऱ्हाड! या बोटींच्या तांड्याला थट्टेनें काड्यापेट्यांचें आरमार म्हणत. पेट्रोलची जात ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही थट्टा किती खरी होती हें सांगावयास नको.

न्यूयॉर्कच्या व्हीलर गोदींत तटरक्षक दलासाठीं अशा २३० बोटी बांधल्या गेल्या. १९४२ सालीं जर्मन पाणबुड्या अमेरिकेच्या किनाऱ्यालगत व्यापारी जहाजें बुडवीत होत्या. त्यांच्यावर पहारा ठेवणें हें या बोटींचें पहिलें काम. याच घडणीची एक बोट क्यूबाच्या नौदलाकडे होती. तिनें १५ मे १९४३ रोजीं यू-१७६ ही पाणबुडी बुडविली. काडीपेटी म्हणून हिणवितांना एवढें ध्यानांत ठेवावें.

नॉर्मंडीच्या स्वारींत पाण्यांत पडलेल्यांना काढणार कोण, हा प्रश्न पुढें आला तेव्हां अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं या बोटी सुचविल्या. मालवाहू जहाजांवर लादून साठ बोटी इंग्लंडांत पूल बंदरीं आणल्या. पाणबुड्यांसाठीं ठेवलेले बाँब उतरविण्यांत आले. आतां काम मारण्याचें नव्हतें.

६ जून १९४४ रोजीं पाठीवर जड ओझें असलेला शिपाई पाण्यांत पडला कीं दगडासारखा तळाशीं जाई. जो तरंगे, त्याचीं बोटें गारठ्यानें इतकीं बधिर होत कीं फेकलेला दोर हातीं येऊनहि धरवत नसे. मग बोटीवरचाच कोणी कमरेला दोर बांधून उडी घेई आणि त्याला कवेंत धरून बाजूशीं आणी. बोटीचा काठ पाण्यापासून फार उंच नव्हता. लहानपणाचा हा लाभ मोठ्या जहाजाला कोठून? मात्र जवळचें जहाज पेटलेलें असलें तरी तेथें पेट्रोल पोटांत घेऊनच शिरावें लागे. १६ क्रमांकाच्या एकट्या बोटीनें १२६ जणांना वर घेतलें.

तोफांतून सुटलेल्या या तांड्याला पुढें वादळानें गांठलें. २१ जून रोजीं २७ व ४७ क्रमांकाच्या बोटी गेल्या. डिसेंबरांत पथक मोडलें तेव्हां त्याच्या खातीं १,४३८ जीव जमा होते.

युद्धानंतर या बोटी पुन्हां अमेरिकेच्या किनाऱ्यावरील नेहमींच्या गस्तीला लागल्या. १९६० पासून त्यांची जागा पोलादी, डिझेलवर चालणाऱ्या ब्याऐंशी फुटी बोटींनीं घेतली. म्हणजे लांबीनें एक फूट कमीच.