एल्फिन्स्टन नावाची माणसे

मुंबईच्या उपनगरी गाडीतून प्रवास केलेल्या मंडळींना ‘एल्फिन्स्टन रोड’ हे स्थानक आठवत असेल. २०१८ साली त्याचे नाव ‘प्रभादेवी’ झाले. एल्फिन्स्टन महाविद्यालय ज्यांच्या नावाचे, त्यांचेच हे स्थानक, अशी पुष्कळांची समजूत असे, माझीही होती. वस्तुतः महाविद्यालय चुलत्याच्या नावाचे आणि स्थानक पुतण्याच्या. एका आडनावाखाली निरनिराळी माणसे अशी एकमेकांत मिसळून जातात. आज ती जरा वेगळी करून पाहू.

हे आडनाव मूळचे गावाचे. स्कॉटलंडात एडिंबरोच्या पूर्वेस एल्फिन्स्टन नावाचे खेडे आहे. आपल्याकडे गावाच्या नावाला ‘कर’ जोडून आडनाव होते, त्यातलाच हा प्रकार. या नावाचा पहिला थोर पुरुष म्हणजे ॲबरडीनचा बिशप विल्यम. पोपची अनुज्ञा मिळवून त्याने १४९५ साली तेथे विद्यापीठ स्थापिले. इंग्लंडशी वैर वाढवू नये, असे या वृद्ध धर्माधिकाऱ्याचे मत होते. राजा चौथा जेम्स याने ते मानले नाही. १५१३ साली फ्लॉडनच्या रणांगणावर राजा पडला, आणि पहिला लॉर्ड एल्फिन्स्टनही त्याच रणात पडला. पुढच्याच वर्षी बिशपने देह ठेवला.

आपल्या परिचयाचे मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचा जन्म १७७९ चा. १८११ साली ते पुण्यास रेसिडेंट झाले. १८१७ मध्ये खडकीच्या लढाईच्या दिवशी संगमावरील त्यांचा बंगला जळाला आणि त्याबरोबर त्यांचा ग्रंथसंग्रहही. दुसऱ्या वर्षी पेशवाई संपली. ती संपविणाऱ्यांत ते प्रमुख होते, हे विसरता येत नाही. परंतु जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ मध्ये त्यांनी जो अहवाल सादर केला, त्यात पाटील, कुलकर्णी, पंचायत यांचे बारकाईने वर्णन करून, चालत आलेली घडी घाईने मोडू नये, असे सुचविले. अहवाल लिहिणे हा माझ्याही नोकरीचा नित्यक्रम. पण ज्यांच्याविषयी लिहावयाचे त्यांना आधी समजून घेणारा असा अहवाल क्वचितच वाचावयास मिळतो. १८२७ साली ते गव्हर्नरपद सोडून निघाले, तेव्हा मुंबईकरांनी शिक्षणासाठी निधी जमविला. त्यातूनच पुढे ती संस्था उभी राहिली, जेथे दादाभाई नौरोजी शिकले आणि प्राध्यापकही झाले.

तरुणपणी, १८०९ साली, हेच गृहस्थ अफगाणिस्तानच्या शाह शुजाकडे वकील म्हणून पेशावरला गेले होते. काबूल त्यांनी डोळ्यांनी पाहिले नाही. तरी त्या देशावरचा त्यांचा ग्रंथ दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. पदच्युत शुजाला पुन्हा गादीवर बसविण्यासाठी फौज धाडण्याचे ठरले, तेव्हा निवृत्त मौंटस्टुअर्टनी एका पत्रात स्पष्ट लिहिले की, फौजेला अन्न पुरविता आले तर कंदाहार व काबूल मिळतील. परंतु त्या दरिद्री, थंड, दूरच्या देशात शुजाला टिकवून धरणे त्यांना अशक्यप्राय वाटते. फौज गेलीच.

आणि दैवयोग असा, की १८४१ साली काबूलच्या त्या फौजेचे सेनापतिपद त्यांच्याच चुलत भावाकडे, जनरल विल्यम एल्फिन्स्टनकडे आले. वॉटर्लूला लढलेला हा गृहस्थ आता साठीच्या घरात, संधिवाताने जर्जर होता. जानेवारी १८४२ मध्ये सुमारे ४,५०० सैनिक आणि १२,००० नोकरचाकर बर्फातून परत निघाले. १३ जानेवारीला डॉक्टर ब्रायडन जलालाबादेस पोहोचला. तेवढेच नाव इतिहासाने जपले. वाटेत गारठून वा कापले जाऊन मेलेल्यांत बहुसंख्य आपल्याच देशाचे शिपाई, भिस्ती, ओझेवाले होते. सेनापती एप्रिलमध्ये कैदेत वारला.

स्थानकाला ज्यांचे नाव होते ते जॉन, तेरावे लॉर्ड एल्फिन्स्टन, मौंटस्टुअर्टचे पुतणे. ते १८५३ ते १८६० मुंबईचे गव्हर्नर होते. कोटातील ‘एल्फिन्स्टन सर्कल’ही त्यांच्याच नावाचे, स्वातंत्र्यानंतर त्याला हॉर्निमन यांचे नाव मिळाले.

पाट्या बदलतात, आणि बदलाव्यातही. परंतु बिशपचे मत आणि मौंटस्टुअर्टचे पत्र ही दोन्ही वेळेवर दिलेली होती. त्यांच्याकडे दुर्लक्ष झाले, त्याचे मोल मात्र ज्यांना कोणी काही विचारले नव्हते अशा हजारोंनी दिले. त्या भिस्त्यांची, ओझेवाल्यांची नावे कोणत्याच पाटीवर कधी आली नाहीत. कचेरीत एखाद्या जाणत्या माणसाची प्रतिकूल टिपणी समोर आली, की मला त्यांची आठवण होते, आणि ती टिपणी मी पुन्हा एकदा वाचतो.