इंग्रजीच्या तासांतील अलंकार



चिंचणीच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळीं उभें राहिलें, म्हणजे पाणी दूर गेलेलें दिसतें आणि होड्या ओल्या वाळूंत कललेल्या असतात. गेल्या सुटींत मी तेथें माझ्या भाचीला घेऊन फिरत होतों. ती इंग्रजी माध्यमाच्या शाळेंत आठव्या इयत्तेंत शिकते. होड्यांकडे पाहून ती सहज म्हणाली, “मामा, या म्हशींसारख्या लोळताहेत!” घरीं आल्यावर मीं तिला ‘सिमिली’ म्हणजे काय तें विचारलें. ‘लाइक’ किंवा ‘ॲज’ या शब्दांनीं केलेली तुलना, अशी व्याख्या तिनें घडाघड म्हटली. पण स्वतःचें उदाहरण मागतांच ती गप्प झाली!

हें मौन मला चिंतेचें वाटतें. जें मूल किनाऱ्यावर कवीसारखें बोलतें, तेंच वर्गांत मुकें कां व्हावें? व्याख्या आली, वस्तु ओळखतां आली नाहीं. ‘लाइक’ हा शब्द तर ‘मला मासे आवडतात’ या वाक्याच्या इंग्रजींतहि येतो. तेथें उपमा कोठें आहे? ‘थोरला भाऊ धाकट्याइतकाच उंच आहे’ यांत ‘ॲज’ येईल. परंतु ती नुसती मोजणी झाली. उपमेला दोन निराळ्या जातींच्या वस्तु लागतात.

मराठीच्या तासाला आपण उपमेचीं चार अंगें शिकतों. होड्या हें उपमेय, म्हशी हें उपमान, लोळणें हा साधारण धर्म आणि ‘सारख्या’ हा साधर्म्यवाचक शब्द. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रांत उपमा, रूपक, दीपक व यमक असे चार अलंकार सांगितले आहेत. इंग्रजींत रूपकाच्या दोन अंगांना ‘टेनर’ व ‘व्हेइकल’ हीं नांवें आय. ए. रिचर्ड्‌स यांनीं १९३६ सालीं दिलीं. म्हणजे जें ज्ञान मुलाच्या दप्तरांत आधींच आहे, तेंच आपण त्याला परकें म्हणून शिकवितों.

मात्र दोन्हीकडील नांवें तंतोतंत जुळतात, असें समजूं नये. ‘होड्या म्हशींसारख्या’ ही उपमा. ‘होड्या जणूं म्हशीच’ ही उत्प्रेक्षा. ‘या होड्या म्हणजे म्हशीच’ हें रूपक. इंग्रजींत पहिलीं दोन बहुधा ‘सिमिली’च्याच खात्यांत पडतात आणि तिसरें ‘मेटॅफर’ ठरतें. या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ पलीकडे वाहून नेणें असा आहे. म्हणून आधीं मुलाच्या तोंडचें वाक्य घ्यावें, त्याचीं अंगें शोधावीं, मग तें इंग्रजींत न्यावें आणि नांव सर्वांच्या शेवटीं सांगावें.

परक्या नांवाशीं सोयरीक जुळविणें चिंचणीला नवें नाहीं. येथें सांपडलेल्या, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळच्या शके ८४८ म्हणजे इ. स. ९२६ च्या ताम्रपटांत, संजाणचा कारभार पाहणाऱ्या ताजिक म्हणजे अरब अधिकाऱ्याचें नांव ‘मधुमति’ असें आलें आहे. ‘महंमद’ या नांवाचें तें संस्कृत रूप मानितात.

भाचीनें अखेर तें वाक्य इंग्रजींत लिहिलें आणि भीत भीत विचारलें, “मामा, इंग्रजी उत्तरांत म्हशी चालतील का?”

मीं म्हटलें, “तूं त्या पाहिल्या आहेस ना? मग चालतील.”