शाळा बंद, शाळा सुरू



मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या. दहावीचा भूगोलाचा पेपरही झाला नाही. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडात घरांची छपरे उडाली, वीज गेली. तेथे मोबाईलवर वर्ग भरायचा कसा?

बंदचा निर्णय सरकारचा होता. साथीत तो घरोघर विचारून घेणे शक्यही नव्हते. परंतु जुलै २०२१ मध्ये, ज्या गावात महिनाभर रुग्ण आढळला नव्हता तेथे आठवी ते बारावीचे वर्ग सुरू करताना ग्रामपंचायतीचा ठराव घेण्यात आला व पालकांची संमती विचारली गेली. शाळा उघडण्यात पालकांचा शब्द मोलाचा ठरला.

तो शब्द आजही हवा आहे. त्या काळात कामाला लागलेला मुलगा किंवा घरकामात अडकलेली मुलगी परत आली नसेल, तर त्यांच्यापुरती शाळा अजून बंदच आहे. सतरा नंबरचा फॉर्म भरून त्यांना दहावीला बसता येते. फॉर्म भरण्यास आम्ही शिक्षक मदत करू. घरातून होकार मात्र आपण द्यावा, ही विनंती.