एक नाटक आणि माझी ताई

आदरणीय गुरुजन आणि १९७८ च्या दहावीतल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला आवडलेल्या नाटकाबद्दल बोलायला सांगितलं आहे. नाटकवेडी म्हणून मी वर्गात प्रसिद्धच होते. गॅदरिंगच्या नाटकात काम मिळालं नाही, तर पडदा ओढायला तरी मी हजर असायची. पुढे नोकरीसाठी पुण्याला गेले आणि दर महिन्याच्या पगारातला थोडा हिस्सा नाट्यगृहाच्या तिकीट खिडकीवर जाऊ लागला. पुष्कळ नाटकं पाहिली, पण आज एकाचबद्दल बोलते. ते म्हणजे ‘वाडा चिरेबंदी’.

महेश एलकुंचवार आपल्या विदर्भाचेच, यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचे. त्यांचं हे नाटक विजया मेहता यांनी १९८५ साली रंगमंचावर आणलं. पुढे १९९४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांनी ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ यांच्यासह ते केलं. तिन्ही नाटकं सलग, नऊ तासांची! त्यांनीच नंतर ते नव्या संचात पुन्हा बसवलं. तो प्रयोग मी २०१५ मध्ये पुण्यात पाहिला. सोबत माझी थोरली ताई होती.

धरणगावकर देशपांड्यांचा वाडा. तात्याजी गेलेत, मुंबईचा मुलगा-सून आलेत, तेराव्याची तयारी चाललीय. खर्चाला पैसा नाही, पण मान राखायचाय. अंगणात गंजलेला ट्रॅक्टर पडून आहे. रात्री वहिनी घराण्याचे दागिने अंगावर चढवते, तेव्हा भरलेल्या नाट्यगृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. आणि त्या घरात प्रभा आहे. शिकायची हौस असून वडिलांनी शिकू न दिलेली, लग्न न झालेली, पुस्तकात डोकं घालून बसणारी, तिखट बोलणारी.

प्रभा बोलायला लागली आणि माझ्या पोटात गोळा आला. तुमच्यापैकी काहींना आठवत असेल, माझी ताई १९७२ ची मॅट्रिक. शाळेत पहिली आली होती. तिला अमरावतीला कॉलेजात जायचं होतं. बाबा म्हणाले, “इतकं शिकली तेच पुष्कळ झालं.” विषय संपला. सहा वर्षांनी माझी वेळ आली, तेव्हा ताई माहेरपणाला आली होती. बाबांसमोर उभी राहून ती म्हणाली, “माझं झालं ते झालं, हिला पाठवा.” मी गेले, शिकले, नोकरी केली. पण तुला काय वाटलं गं, असं मी तिला कधी विचारलं नाही. भीती वाटायची.

मध्यंतरात मी तिच्याकडे बघायचं टाळत होते. कुठून हिला या नाटकाला आणलं, असं झालं होतं. तीच म्हणाली, “आपल्याकडे ट्रॅक्टर नव्हता, एवढाच फरक. चल, वडा खाऊ.”

परत येताना रिक्षात ती बराच वेळ गप्प होती. मग आपणहून बोलली. “आपल्या गणिताच्या बाई घरी आल्या होत्या, बाबांना समजवायला. तू लहान होतीस. मी दाराआड उभी होते. बाबा नाही म्हणाले. ते म्हणणारच, हे मला ठाऊक होतं. पण बाई उठल्या तेव्हा त्यांचा चहा कपात तसाच होता. कप उचलताना मला रडू आलं, आणि बरंही वाटलं. आपल्यासाठी कुणीतरी चहा न पिता उठलं.”

त्रेचाळीस वर्षं ती हे मनात धरून होती. घरी पोचलो तरी आम्ही पहाटेपर्यंत बोलत बसलो. जे मी इतकी वर्षं विचारलं नव्हतं, ते त्या रात्री सगळं विचारलं. तिच्या मनात माझ्याबद्दल राग नव्हता. वाईट वाटलं होतं, ते तिने स्वच्छ सांगितलं.

नाटकाने माझ्यासाठी काय केलं, असं कुणी विचारलं तर मी ही रिक्षा सांगते.

बाई, तुम्ही आज समोर पहिल्या रांगेत बसला आहात. त्या दिवशी आमच्या घरून तुम्ही हात हलवत परत गेलात, असं कदाचित तुम्हाला वाटत असेल. तसं नाही. सहा वर्षांनी ताईने बाबांसमोर जे म्हटलं, ते बळ तिने तुमच्याकडूनच घेतलं होतं.

ताई आता वर्ध्याला असते. गुडघ्यांमुळे येऊ शकली नाही, पण तुमच्यासाठी निरोप दिलाय: “बाईंना म्हणावं, तो चहा अजून बाकी आहे. प्यायला या.”