जुने कळफलक आणि मधला दुभाषा



वसंतातल्या या व्यासपीठावर वेदान्तापासून अर्थसंकल्पापर्यंत बहुतेक सर्व विषय बोलून झालेले आहेत. त्यात आज आम्ही कळफलकाचा, म्हणजे संगणकाच्या कीबोर्डाचा विषय घेऊन उभे राहिलो, याचे काही मंडळींना नवल वाटले असेल. आमचे शिक्षण रात्रशाळेत आणि त्यानंतर युनियनच्या कचेरीतील पुस्तकांच्या कपाटापुढे झाले. अभियंता म्हणून बोलण्याचा अधिकार आम्ही सांगत नाही. परंतु ज्या हत्याराने माणूस दिवसाचे आठ तास राबतो त्या हत्याराची चौकशी करणे हा आमचा व्यवसायच आहे. सुताराचा रंधा बदलायचा तर सुताराला विचारतात. टंकलेखकाचा कळफलक बदलताना त्याला कोणी विचारीत नाही.

एका कारखान्याच्या कचेरीत संगणक बदलले. जुन्या यंत्रांच्या पाठीमागे कळफलकासाठी गोल भोक होते, नव्या यंत्रांना यूएसबीची चपटी खाच तेवढी होती. झाले! सगळे जुने कळफलक 'निकामी' या सदरात गेले आणि भंगाराच्या यादीत लागले. त्यांच्या जागी पातळ, हलके, दाबले की दाबले गेले की नाही याचा पत्ता न लागणारे नवे फलक आले. आवक-जावक विभागात तीस वर्षे टंकलेखन केलेल्या एक बाई आमच्याकडे आल्या. त्यांचा वेग मंदावल्याबद्दल त्यांना मेमो मिळाला होता. त्या म्हणाल्या, "भाऊ, माझा कळफलक मोडलेला नाही. त्याचं शेपूट तेवढं नव्या भोकात जात नाही."

या एका वाक्यात सर्व प्रकरण आले. वस्तू निकामी झाली की तिचे फक्त शेपूट निकामी झाले, हा प्रश्न व्यवस्थापनाने विचारलाच नव्हता. आम्ही तो विचारायचे ठरविले, आणि त्यासाठी कळफलक संगणकाशी बोलतो तरी कसा, हे आधी समजून घेतले.

पहिली गोष्ट अशी की, कळफलक अक्षर पाठवीतच नाही. तो फक्त कळेचा क्रमांक पाठवितो. इंग्रजी 'ए'ची कळ घ्या. आयबीएम कंपनीने 1981 साली जो वैयक्तिक संगणक काढला, त्याचा फलक ही कळ दाबताच 30 हा आकडा पाठवी आणि बोट उचलले की त्यात 128 मिळवून 158 पाठवी. 1984 साली त्याच कंपनीने 'एटी' नावाचा नवा संगणक काढला. त्याचा फलक त्याच कळेला 28 म्हणू लागला, आणि बोट उचलल्यावर आधी 240 व मग पुन्हा 28. गंमत अशी की दोन्ही फलकांचे शेपूट तेच, पाच खिळ्यांचे, गोल. तोंड एक, भाषा दोन! म्हणून त्या काळच्या कित्येक फलकांच्या पोटाशी एक लहानसा खटका असे; तो सरकवून भाषा बदलावी लागे. पुढे 1987 साली 'पीएस-टू' हा प्रकार आला. त्याचे तोंड लहान झाले, खिळे सहा झाले, पण भाषा 'एटी'चीच राहिली. म्हणजे येथे तोंडे दोन आणि भाषा एक.

हा भेद ज्याला कळला त्याला अडॅप्टरचे सर्व शास्त्र कळले असे आम्ही म्हणू. 'एटी'चा फलक 'पीएस-टू'च्या भोकात बसवायचा असेल तर केवळ तारा इकडच्या तिकडे नेणारी मुकी जोडणी पुरते. कामाच्या तारा चारच: एक पाच व्होल्टची, एक जमिनीची, एक ठेका धरणारी आणि एक आकडे वाहणारी. पण 1996 साली आलेल्या यूएसबीची रीतच निराळी. तेथे कळफलक मनाला येईल तेव्हा बोलत नाही. संगणक ठरावीक अंतराने विचारतो, कोणत्या कळा खाली आहेत? आणि फलक तेव्हाच उत्तर देतो. त्या उत्तरात 'ए'चा आकडा 4. (मालकाने विचारल्याशिवाय कामगाराने बोलू नये, ही शिस्त यंत्रातही शिरली, असे आमचे एक सहकारी म्हणतात.) येथे मुकी जोडणी काय करणार? येथे दुभाषा हवा.

बाजारात जांभळ्या रंगाची एक इवलीशी जोडणी मिळते, एका बाजूला गोल भोक आणि दुसऱ्या बाजूला यूएसबी. ती मुकीच असते. ज्या फलकाला मुळातच दोन्ही भाषा येतात त्यालाच ती चालते. जुन्या फलकाला ती लावली की काहीच होत नाही, आणि मग लोक म्हणतात, फलक गेला! व्यवस्थापनाच्या माणसांनी नेमकी हीच परीक्षा घेऊन नेमका हाच निकाल दिला होता.

खरा दुभाषा म्हणजे अंगठ्याएवढी एक पट्टी. तीवर एक सूक्ष्मनियंत्रक असतो. तो एका बाजूने 28 ऐकतो आणि दुसऱ्या बाजूने 4 सांगतो. तयार अडॅप्टरही मिळतात. त्यांतले काही स्वस्त अडॅप्टर जुन्या फलकाची विजेची भूक भागवू शकत नाहीत, हे ध्यानात ठेवावे. ज्याला डाग लावता येतो त्याने पट्टी घेऊन चार तारा जोडाव्यात. तिच्यात भरावयाचा कार्यक्रम, टीएमके किंवा क्यूएमके या नावाचा, जगभरच्या हौशी लोकांनी लिहून सर्वांसाठी मोकळा ठेवलेला आहे. कोणालाही तो वाचता येतो, बदलता येतो. श्रमाचे फळ असे वाटून घेतलेले पाहिले की आमच्यासारख्या माणसाला बरे वाटते.

आम्ही असा एक दुभाषा मिळविला आणि व्यवस्थापकांच्याच टेबलावर बाईंचा जुना फलक नव्या संगणकाला लावून दाखविला. तो चालला. मेमो मागे घेण्यास मात्र आणखी तीन बैठका लागल्या.

कोणी विचारील, जुन्या फलकावर मराठी कशी उमटते? फलक आकडाच पाठवितो, त्यामुळे त्याला मराठी-इंग्रजी ठाऊकच नसते. भाषेचे काम संगणकात होते. 'के'च्या कळेवर 'क', 'जे'वर 'र', 'एल'वर 'त' ही इन्स्क्रिप्टची मांडणी अमेरिकेत घडलेल्या चाळीस वर्षांच्या फलकावरही तशीच चालते. ज्यांची बोटे टाइपरायटरवर घडली त्यांची अडचण वेगळी. यंत्रावर ऱ्हस्व वेलांटी आधी आणि अक्षर मागून मारावे लागे; इन्स्क्रिप्टमध्ये अक्षर आधी, वेलांटी मागून. तीस वर्षांची सवय उलटी फिरवा, असे पन्नाशीच्या माणसाला सांगणे सोपे आहे, करणे नव्हे. त्यासाठी रेमिंग्टनची मांडणी देणारे कार्यक्रम आहेत. ते आधी मारलेली वेलांटी उचलून योग्य जागी ठेवतात. हाही दुभाषाच, फक्त तारेऐवजी संगणकाच्या पोटात बसलेला. आमच्या बाईंना दोन्ही दुभाषे लागले.

आणि भंगार जाते कोठे? दिल्लीच्या सीलमपूरला जाते, आपल्या मुंबईत कुर्ल्याच्या बाजूला जाते. तेथे तांब्यासाठी तारा जाळतात, आणि तो धूर ज्यांच्या छातीत जातो त्यांची कोठल्याही हजेरीपटावर नोंद नसते. कचेरीतल्या यादीतला 'निकामी' हा शब्द त्या माणसापर्यंत पोचतो.

सगळेच जुने ठेवावे असा आमचा हट्ट नाही. ज्याच्या आतला पडदा फाटला, ज्याच्या कळा दोनदा उमटतात, तो फलक खुशाल काढावा. आमची मागणी इतकीच की काढण्यापूर्वी तो चालविणाऱ्याला विचारावे आणि खऱ्या दुभाष्यावर लावून पाहावे. ही अट आम्ही आता यंत्रबदलाच्या प्रत्येक वाटाघाटीत लेखी घालतो.

व्यासपीठाच्या डाव्या बाजूस टेबलावर दोन जुने फलक, एक मुकी जोडणी आणि एक दुभाषा ठेवलेला आहे. व्याख्यानानंतर ज्यांना हात लावून पाहायचा असेल त्यांनी जरूर यावे. घरी गोल भोकाचा संगणक असेल तर एवढे करा: फलक काढताना-लावताना यंत्र आधी बंद करा, ते भोक चालू यंत्रात काढघाल करण्यासाठी केलेले नाही.