अर्ज घेऊन निघालेली माणसं



क्रांती कोण घडवतं, असं विचारलं की भडक भाषणं करणारे आणि चोरून पत्रकं छापणारे पुढारी, हे उत्तर बहुतेकांच्या तोंडी तयार असतं. मला ते कधीच पटलं नाही. का, ते सांगण्यासाठी तुम्हाला १९०५ सालच्या सेंट पीटर्सबर्गला नेतो.

जुन्या रशियन दिनदर्शिकेप्रमाणे ९ जानेवारी, रविवार. हजारो कामगार बायकापोरांसह झारच्या हिवाळी राजवाड्याकडे निघाले होते. हातात देवाच्या तसबिरी होत्या, खुद्द झार निकोलसची चित्रं होती. पुढे गापोन नावाचा पाद्री. पुतिलोव कारखान्यातल्या चार कामगारांना काढून टाकल्याचं निमित्त झालं आणि संप शहरभर पसरला होता. अर्जात मागण्या होत्या: आठ तासांचं काम, दिवसाला निदान एक रूबल मजुरी, जपानशी चाललेलं युद्ध थांबवावं, लोकांनी निवडलेली घटनासभा बोलवावी. झार शहरात नव्हताच. नार्वा वेशीपाशी आणि पुढे ठिकठिकाणी सैन्यानं या जमावावर गोळ्या झाडल्या. शेकडो माणसं मेली, जायबंदी झाली.

आज पदवी घेणाऱ्या मित्रहो, ही माणसं सिंहासन उलथवायला आली नव्हती. झारवर विश्वास होता म्हणूनच ती त्याच्या दाराशी आली होती. त्या दिवशी तो विश्वास मेला, आणि तो कुठल्याही पत्रकानं मारला नव्हता.

दारिद्र्य होतंच. १८६१ मध्ये भूदास मुक्त झाले, पण वाट्याला आलेल्या जमिनीचे हप्ते ४९ वर्षं फेडायचे होते. १८९१ च्या दुष्काळाआधी सरकार परकीय चलनासाठी धान्य बाहेर पाठवत राहिलं. खेड्यातला माणूस कारखान्यात आला तर तिथे संप करणं हा गुन्हा. पण भूक आणि कर्ज इतर देशांतही होतं. रशियात या दुःखाला वाट नव्हती. संसद नव्हती, कामगार संघटना कायद्यात बसत नव्हत्या. सगळी सत्ता एकाच्या हाती, त्यामुळे प्रत्येक हप्त्याचा, प्रत्येक पराभवाचा दोषही अखेर त्याच्याच माथी. १८९५ मध्ये प्रांतिक मंडळांनी कारभारात थोडा वाटा नम्रपणे मागितला, तेव्हा तरुण झारनं ती वेडी स्वप्नं ठरवून झिडकारली. १९०१ मध्ये कीव्ह विद्यापीठातल्या १८३ विद्यार्थ्यांना आंदोलनाची शिक्षा म्हणून सक्तीनं सैन्यात धाडलं. तुमच्याच वयाची मुलं होती ती. गाऱ्हाणं मांडणाऱ्याला शत्रू मानायचं, ही या राजवटीची सवयच होती, आणि माझ्या मते तिच्या अंताचं खरं कारण हेच.

या संदर्भात मला सेर्गेई मुरोम्त्सेव आठवतात. मॉस्को विद्यापीठात रोमन कायदा शिकवणारे प्राध्यापक. उदारमतवादी म्हणून १८८४ मध्ये त्यांना नोकरीतून काढण्यात आलं. तरीही त्यांनी हाती बाँब घेतला नाही, वकिली केली. १९०५ च्या ऑक्टोबरमध्ये देशव्यापी संपापुढे झारला नमावं लागलं आणि निवडून आलेल्या दुमाचं, म्हणजे संसदेचं, वचन द्यावं लागलं. १९०६ च्या वसंतात हीच पहिली दुमा भरली आणि मुरोम्त्सेव तिचे अध्यक्ष झाले. नियम, कामकाज, सभ्यता यांवर त्यांची निष्ठा होती. शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींनी जमिनीचा प्रश्न लावून धरला आणि अडीच महिन्यांत झारनं दुमाच बरखास्त केली. तेव्हा जवळपास दोनशे सदस्य त्या काळी फिनलंडमध्ये असलेल्या विबोर्गला जमले. सरकारला कर देऊ नका, सैन्यात भरतीला जाऊ नका, असं त्यांनी जनतेला जाहीर आवाहन केलं. सह्या करणाऱ्यांत वकील होते, प्राध्यापक होते, आणि उभा जन्म कायद्याच्या कामात घालवलेले मुरोम्त्सेवही होते. त्याबद्दल त्यांना तीन महिन्यांचा तुरुंगवास झाला.