शरीराचे अंतरंग दाखविणारे विज्ञान आणि समाजाचा विवेक



कात्रजच्या रहिवाशांना येथील तलावाचा इतिहास परिचित आहे. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या काळात या तलावाचे पाणी जमिनीखालील बंद नळातून शनिवारवाड्यापर्यंत नेण्यात आले. त्या नळावर ठिकठिकाणी उच्छ्वास बांधलेले होते. आतील हवेला वाट मिळावी, गाळ साचल्यास तो काढता यावा आणि सारा नळ न उकरता अडथळा कोठे आहे ते कळावे, हा त्यांचा उपयोग. मानवी शरीराच्या बाबतीत असा उच्छ्वास वैद्यांना शतकानुशतके लाभला नव्हता. नाडी, जीभ, स्पर्श आणि रुग्णाची हकिकत यांवरून अनुमान करावयाचे, आणि ते चुकल्यास शस्त्रक्रियेच्या वेळी अथवा मृत्यूनंतरच सत्य उमगावयाचे, अशी स्थिती होती.

ही स्थिती पालटली ती ८ नोव्हेंबर १८९५ या दिवसापासून. जर्मनीतील वुर्ट्झबर्ग येथे विल्हेल्म राँटगेन यांना प्रयोगशाळेत एका अज्ञात किरणांचा शोध लागला. अज्ञात म्हणून त्यांनी त्यांना ‘एक्स’ हे नाव दिले. मराठीत ते क्ष-किरण झाले. त्याच वर्षी २२ डिसेंबरला त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचे छायाचित्र घेतले आणि त्यात हाडे व बोटातील अंगठी स्पष्ट उमटली. हाडांतील कॅल्शियम हे किरण अधिक प्रमाणात शोषून घेते, मांसल भाग कमी शोषतो. या फरकातूनच प्रतिमा तयार होते. राँटगेन यांना १९०१ साली भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु या शोधाचे पेटंट त्यांनी घेतले नाही. ज्ञान सर्वांचे असावे, ही त्यामागील भूमिका होती.

पुढील शतकात या विद्येला नव्या शाखा फुटल्या. ब्रिटिश अभियंता गॉडफ्रे हाऊन्सफील्ड यांनी क्ष-किरण शरीराभोवती फिरवून मिळालेल्या असंख्य मोजमापांतून संगणकाच्या साहाय्याने आडवे छेद उभे केले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील एका रुग्णालयात मेंदूचा पहिला सीटी स्कॅन झाला. एमआरआयमध्ये क्ष-किरण मुळीच नसतात. शक्तिशाली चुंबकाच्या क्षेत्रात शरीरातील पाण्याचे हायड्रोजन अणू जे संकेत देतात, त्यांवरून चित्र साकारते. म्हणूनच मेंदू, मज्जारज्जू आणि सांधे यांसाठी ती तपासणी विशेष उपयोगी ठरते. सोनोग्राफीचा उगम तर कारखान्यातील आहे. धातूच्या जोडणीतील भेगा ध्वनिलहरींनी शोधणारे उपकरण ग्लासगोचे डॉ. इयान डोनाल्ड यांनी रुग्णांसाठी वापरले. असाध्य कर्करोग समजल्या गेलेल्या एका स्त्रीच्या पोटातील गाठ ही वस्तुतः काढून टाकण्याजोगी द्रवाची गाठ आहे, असे त्यांना त्या उपकरणाने दाखविले आणि ती स्त्री वाचली. त्यांचा प्रबंध १९५८ साली प्रसिद्ध झाला.

केवळ निदानापाशी ही विद्या थांबली नाही. १९६४ साली अमेरिकेतील डॉ. चार्ल्स डॉटर यांनी एका ८२ वर्षांच्या वृद्धेची पायातील अरुंद झालेली रक्तवाहिनी क्ष-किरणांच्या मार्गदर्शनाखाली बारीक नळी घालून मोकळी केली. जो पाय कापण्याचा सल्ला देण्यात आला होता, तो वाचला. आज हृदयाच्या रक्तवाहिन्यांची जी अँजिओप्लास्टी घरोघरी ठाऊक आहे, तिचे मूळ या प्रयोगात आहे. कर्करोगावरील किरणोपचारातही गाठीची सीमा प्रथम सीटीवर आखली जाते आणि मगच किरणांची दिशा ठरते. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेले ‘भाभाट्रॉन’ हे स्वदेशी कोबाल्ट यंत्र नवी मुंबईतील खारघरच्या टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेत प्रथम बसविण्यात आले, ही महाराष्ट्राला अभिमानास्पद बाब होय.

हा सारा इतिहास वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. प्रतिमा स्वतः बोलत नाही. तिला कोणता प्रश्न विचारला जातो, यावर तिचे मोल ठरते. प्रश्न योग्य असेल तर साधे यंत्रही प्राण वाचवते. प्रश्न अनावश्यक असेल तर कोट्यवधींचे यंत्र केवळ खर्च वाढवते. आणि प्रश्नच अधर्माचा असेल तर तेच यंत्र जीव घेते. या तिन्ही गोष्टींची उदाहरणे आपल्याच देशात आणि आपल्याच राज्यात आहेत.

पहिले उदाहरण क्षयरोगाचे. २०१९ ते २०२१ या काळात देशभर क्षयरोगाचे सर्वेक्षण झाले. खोकला, ताप, वजन घटणे यांसारखी लक्षणे विचारण्याबरोबरच छातीचा एक्स-रेही काढण्यात आला. केवळ लक्षणांवर विसंबून राहिले असते, तर आढळलेल्या रुग्णांपैकी सुमारे ४२.६ टक्के रुग्ण निसटले असते. ज्याला खोकला नाही, त्याच्याही फुप्फुसात रोग असू शकतो आणि तो घरातील बालकांपर्यंत पोहोचू शकतो, हा या आकड्याचा अर्थ. हातात धरता येणारी एक्स-रे यंत्रे आता वस्त्यांपर्यंत नेली जातात. मुंबईत २०१६ साली स्थापन झालेल्या क्युअर एआय या कंपनीसारख्या संस्थांनी छातीचा एक्स-रे वाचणारी संगणकप्रणाली घडविली. अशा प्रणालींचा उपयोग १५ वर्षांवरील व्यक्तींच्या प्राथमिक तपासणीसाठी करण्यास जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली मान्यता दिली. तथापि संगणक केवळ संशय व्यक्त करतो. निश्चिती थुंकीच्या तपासणीनेच होते आणि औषध पूर्ण मुदतीपर्यंत घेतल्यानेच रोग बरा होतो.

दुसरे उदाहरण स्तनांच्या कर्करोगाचे. मॅमोग्राफी हे उत्तम साधन आहे. परंतु प्रत्येक वस्तीत ते यंत्र आणि ते वाचणारा तज्ज्ञ पोहोचविणे सोपे नाही. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वयोगटातील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांपैकी निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली. वीस वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात रोग तुलनेने आधीच्या टप्प्यात सापडला आणि पन्नाशीपुढील स्त्रियांत या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मात्र असा लाभ दिसला नाही. प्रशिक्षित हातही संशोधनाच्या कसोटीस उतरू शकतो, हा त्याचा बोध. यंत्र कोठे आवश्यक आणि कोठे नाही, हे ठरविण्यासाठीही संशोधनच लागते.

तपासण्यांच्या बाबतीत मिताहाराइतकेच मित-तपासणीलाही महत्त्व आहे. निसर्गातून मनुष्याला वर्षाकाठी सरासरी सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट इतके किरणोत्सारण मिळतच असते. छातीच्या एका एक्स-रेची मात्रा ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहून कमी असते. पोटाच्या एका सीटी स्कॅनची मात्र ८ ते १० च्या आसपास जाते. सीटी आवश्यक असेल तेव्हा ही मात्रा स्वीकारणेच हिताचे. परंतु केवळ ‘सर्व काही एकदा पाहून घ्यावे’ या हौसेपोटी, विशेषतः लहान मुलांना, ती देणे योग्य नव्हे. जुने अहवाल आणि फिल्म जपून ठेवणे, नव्या डॉक्टरांना ते दाखविणे आणि गर्भवती स्त्रीने तपासणीपूर्वी तशी कल्पना देणे, एवढ्या साध्या गोष्टींनीही बरेच काही साधते.

तिसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. मातेच्या उदरातील बाळाची वाढ, वारेची जागा, गर्भाशयाबाहेर राहिलेला गर्भ, जन्मजात व्यंग यांचे निदान करून माता आणि बालक या दोघांनाही वाचविणाऱ्या सोनोग्राफीला ‘मुलगा की मुलगी’ हा प्रश्न विचारला जाऊ लागला. त्याविरुद्ध महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांनी १९८० च्या दशकात आवाज उठविला आणि १९८८ साली गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा देशातील पहिला कायदा या राज्याने केला. १९९४ साली केंद्राचा कायदा आला. त्याची अंमलबजावणी होत नाही म्हणून २००० साली मुंबईची ‘सेहत’, पुण्याची ‘मासूम’ आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. पुढे कायदा अधिक कठोर झाला. तरीही महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या १९९१ साली ९४६ होती, ती २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४ झाली.

सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी एक कटू आकडाही समोर ठेवणे आवश्यक आहे. २००१ च्या जनगणनेत देशातील जैन समाजाची साक्षरता ९४.१ टक्के, म्हणजे सर्व समाजांत सर्वाधिक होती. त्याच जनगणनेत जैन समाजातील सहा वर्षांखालील मुलींचे प्रमाण दर हजार मुलांमागे ८७० होते. देशाची सरासरी होती ९२७. २०११ साली हे प्रमाण ८८९ पर्यंत सुधारले, तरी निसर्गतः अपेक्षित असलेल्या सुमारे ९५० पासून ते दूरच राहिले. या आकड्यांवरून कोणत्याही एका कुटुंबाकडे बोट दाखविता येत नाही. परंतु पाण्यातील सूक्ष्म जीवांचीही काळजी वाहणाऱ्या, सूर्यास्तानंतर भोजन वर्ज्य मानणाऱ्या समाजात हा आकडा असावा, याचा विचार प्रत्येक घराने आपल्या देवघरासमोर बसून करावा. शिक्षण आणि संपत्ती यांनी यंत्रापर्यंत पोहोचणे सुलभ होते. यंत्राला काय विचारावयाचे, हे मात्र संस्कार ठरवितात.

दानशूर समाजाचे आणखी एक दायित्व आहे. अनेक विश्वस्त संस्था रुग्णालयांना सोनोग्राफी, डिजिटल एक्स-रे किंवा सीटी यंत्रे भेट देतात. हे दान स्तुत्यच आहे. परंतु यंत्राच्या पेटीबरोबर काही प्रश्नांची उत्तरेही हवीत. प्रतिमा वाचणारा रेडिओलॉजिस्ट नियमित उपलब्ध आहे काय? प्रशिक्षित तंत्रज्ञ आहे काय? एक्स-रे आणि सीटीसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना आणि सोनोग्राफीसाठी कायद्यानुसार नोंदणी झाली आहे काय? हमीची मुदत संपल्यावर देखभालीचा खर्च कोण सोसणार? या उत्तरांविना दिलेले यंत्र काही वर्षांतच कुलुपाआड धूळ खात राहते. उलट, यंत्रासोबत पाच वर्षांची देखभाल आणि एका गरजू विद्यार्थ्याचे क्ष-किरण तंत्रज्ञानाचे शिक्षण यांची तरतूद केली, तर त्याच रकमेचे पुण्य अनेक पटींनी वाढते.

सम्यक् दर्शन, सम्यक् ज्ञान आणि सम्यक् चारित्र्य हा क्रम येथील प्रत्येकाला बालपणापासून मुखोद्गत आहे. वैद्यकीय प्रतिमांच्या विज्ञानाने शरीराचे दर्शन घडविले आणि संशोधनाने त्याचे ज्ञान दिले. चारित्र्याचा भाग मात्र कोणत्याही यंत्राला करता येणार नाही. तो तपासणीची चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांचा, ती घेऊन जाणाऱ्या कुटुंबाचा आणि यंत्र देणाऱ्या दात्याचा आहे.

जय जिनेंद्र.